दीड गिरकी

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा आठवीच्या वर्गाची प्रगतिपुस्तके आमच्या टेबलावर शेऱ्यासाठी येऊन पडली होती. शेरे लिहिण्याचा आमचा वेग, सांगावयास हरकत नाही, मिनिटास एक असा आहे. "समाधानकारक", "अधिक मेहनत हवी", "अक्षर सुधारावे" अशी चारपाच ठरलेली वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे आळीपाळीने वापरीत आलो आहोत. परंतु एका पुस्तकापाशी आमची लेखणी थबकली. सातवीत शेकडा ७८ गुण मिळविणारी एक मुलगी सहामाहीत ६१ वर उतरली होती. चौकशी करता तिच्या मैत्रिणींनी एका सुरात सांगितले, "सर, ती रोज स्केटिंगला जाते." रोगाचे निदान झाल्याचे समाधान आम्हांस लाभले. आम्ही लिहिले, "खेळाकडील लक्ष कमी करून अभ्यासाकडे द्यावे," आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बाईंनी वाद घातला नाही. घातला असता तर आमचे काम सोपे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगाल तर उद्यापासून बंद करते. पण एकदा येऊन पाहा, आणि मग सांगा."

शिक्षकास "पाहा आणि मग सांगा" असे म्हणणे म्हणजे त्याने न पाहता सांगितले असे सुचविणेच होय. आम्ही थोडे दुखावलो. परंतु बाईंचे म्हणणे खरे होते, म्हणून गेलो.

आमच्या इंदूरचा आणि बर्फाचा संबंध उन्हाळ्यातील गोळ्यापुरता. भारतात बर्फावरील स्केटिंग म्हटले की आधी सिमल्याचे नाव निघते. तेथील रिंक १९२० साली सुरू झाले आणि थंडीच्या रात्री पाणी गोठवून त्यावर मंडळी घसरू लागली. माळव्यात ती सोय नाही. येथे स्केटिंग चालते ते सिमेंटवर आणि चाकांवर. चाकांचे असले तरी ते नुसते शर्यतीचे नसते, हे त्या दिवशी आम्हांस प्रथम कळले. बर्फावर ज्याला फिगर स्केटिंग म्हणतात, त्याच उड्या, त्याच गिरक्या, तेच वळसे चाकांच्या बुटांवरूनही घेता येतात. त्याला कलात्मक स्केटिंग असे नाव आहे. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धांत अनुपकुमार यामा यांनी याच प्रकारात एकेरीत कांस्यपदक मिळविले, आणि अवनी पांचाळ यांच्यासह जोडीतही. हे पदक आपल्या देशात आले होते याची आम्हांस गंधवार्ताही नव्हती, आणि आम्ही मुलांना सामान्यज्ञान शिकवितो.

चाकांना हे कौशल्य आले ते मात्र सहज आले नाही. १७६० नंतरच्या दशकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाचे एक कारागीर चाकांचे बूट चढवून व्हायोलिन वाजवीत मेजवानीत शिरले आणि एका मोठ्या किमती आरशावर जाऊन आदळले, अशी कथा सांगतात. त्या वेळच्या चाकांना वळणे ठाऊकच नव्हते. पुढे १८६३ साली अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन यांनी अशी रचना केली की, अंग ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस चाके आपणहून वळावीत. आजही सगळी विद्या त्या झुकण्यात आहे.

आम्ही पोचलो तेव्हा आमची विद्यार्थिनी उड्या मारीत नव्हती. सिमेंटवर पांढऱ्या रंगाने काढलेल्या एका वर्तुळावरून ती एका पायावर, पाठमोरी, अगदी सावकाश जात होती. वर्तुळ पुरे झाले की पाय बदलून दुसरे. पंधरा मिनिटे तेच. आम्हांस वाटले, आज काहीतरी शिक्षा झालेली दिसते. तिचे प्रशिक्षक इंदुरी हिंदीत म्हणाले, "सर, यही तो पढ़ाई है. बाकी सब इसका फल है."

मग त्यांनी जे समजाविले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. बुटाला आतली कड आणि बाहेरची कड अशा दोन कडा. त्या कडांवर पुढे जाता येते आणि मागेही जाता येते. पाय दोन. म्हणजे एकूण आठ वाटा. या आठही वाटांवर जो निःशंक उभा राहू शकतो, त्याला पुढची दारे उघडतात. बाकीचे कितीही उंच उडाले तरी कोठेतरी अडतात. फिगर स्केटिंग हे नावच मुळी बर्फावर उमटणाऱ्या आकृत्यांवरून पडले. पूर्वी जागतिक स्पर्धांत खेळाडूंना आठाचे आकडे पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून काढावे लागत, आणि पंच खाली वाकून बर्फावरचे ओरखडे तपाशीत. एकेकाळी निम्म्याहून अधिक गुण त्या आकृत्यांना होते. १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धांतून उठल्या, कारण दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना ओरखडे दिसत नाहीत. आम्ही व्याकरण शिकवितो. ते का उठले आणि त्याचे पुढे काय झाले, हे आम्हांस निराळे सांगावे लागले नाही.

पायऱ्या अशा चढत जातात. प्रथम उभे राहणे. मग पावलांनी लिंबाचा आकार काढीत पुढे सरकणे. मग एका पायावर सरकणे. मग तेच उलटे. मग पायावर पाय टाकीत वर्तुळात जाणे. मग एका पायावर पुढून मागे फिरणे. या वळणाची बर्फावर उमटणारी खूण तीनच्या आकड्यासारखी दिसते, इंग्रजी काय आणि आपला ३ काय, दोन्ही चालतात. त्यानंतर अर्ध्या फेऱ्याची पहिली उडी येते, आणि मग सहा मोठ्या उड्या: टो-लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. यांतील कित्येक नावे माणसांची आहेत. स्वीडनच्या उलरिक साल्को यांनी आपली उडी १९०९ साली मारली, ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झ यांनी १९१३ साली. ॲक्सेल मात्र त्यांच्याही आधीची, १८८२ सालची. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सन यांनी ती व्हिएन्नात करून दाखविली.

तरीही ती सर्वांत शेवटी शिकवितात, याचे कारण असे की बाकीच्या पाच उड्या पाठमोऱ्या निघतात आणि पाठमोऱ्याच उतरतात. ही एकटी समोर तोंड करून निघते. उतरावयाचे तर पाठमोरेच. म्हणून अर्धी गिरकी जास्त. एकेरी ॲक्सेल म्हणजे दीड गिरकी. त्या अर्ध्या गिरकीने आमच्या विद्यार्थिनीची अकरा महिने वाट अडविली होती.

त्या दिवशी तिने ती उडी आमच्यासमोर पंधरा वेळा मारली आणि पंधराही वेळा पडली. आम्ही मोजले. मोजणे हा आमचा धंदाच आहे. सोळाव्या वेळेस प्रशिक्षकांनी तिला थांबविले; एका दिवशी पंधरापेक्षा अधिक नाही, असा त्यांचा नियम. वाढत्या हाडांना विश्रांती हवी, असे ते म्हणाले. हे ऐकून आमच्या मनातील एक मोठी शंका फिटली, कारण या खेळात कोवळ्या वयाची मोठ्यांकडून ओढाताण झाल्याचे आम्ही वाचले होते. त्याच काळजीपोटी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ साली प्रौढ गटात उतरण्याचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला.

पंधरा वेळा पडून ती उठली, गुडघ्यावरची धूळ झाडली, आणि आमच्याकडे पाहून ओशाळी हसली. वर्गात एखादे उत्तर चुकले की हीच मुलगी डोळ्यांत पाणी आणते. हे आमच्या डोक्यात काही केल्या बसेना. तेथे पंधरा वेळा चुकून हसणारी मुलगी येथे एका चुकीने का रडते? दोष मुलीचा की जागेचा? आणि जागेचा असेल, तर त्या जागी खुर्ची टाकून कोण बसले आहे?

घरी येऊन आम्ही या खेळातील परीक्षांविषयी वाचू लागलो. परीक्षा म्हटली की आम्हांस गुणांच्या तक्त्याचा मोह आवरत नाही. जुन्या काळी पंच जास्तीत जास्त ६.० गुण देत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेतील निकालावरून मोठा गहजब झाला, आणि मग २००४ पासून प्रत्येक उडीस, प्रत्येक गिरकीस वेगळी किंमत ठरली. २०२२-२३ च्या तक्त्यात एकेरी टो-लूपची किंमत ०.४०, एकेरी ॲक्सेलची १.१०, दुहेरी ॲक्सेलची ३.३०, तिहेरीची ८.०० आणि चौहेरीची १२.५० आहे. पडल्यास साधारणतः एक गुण वजा, आणि उडीच्या गुणवत्तेचे गुण जातात ते निराळेच. म्हणजे आमची विद्यार्थिनी अकरा महिने धडपडत होती ती १.१० गुणांसाठी.

पण त्या तक्त्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. अमेरिकेत स्पर्धेव्यतिरिक्त पायरीच्या परीक्षा असतात. जो उत्तीर्ण होत नाही, त्याच्यापुढे पाहणारे परीक्षक एवढेच लिहितात: "पुन्हा प्रयत्न". नापास हा शब्दच तेथे नाही. हे केवळ गोड बोलणे आहे, असे आमचे पहिले मत झाले. अजूनही थोडे आहे. विटीला कोयंडा म्हटल्याने ती विटीच राहते. परंतु "लक्ष कमी करून" हा आमचा शेरा आठवला, आणि त्या मुलीस पुढे काय करावयाचे हे त्या शेऱ्यातून काय कळले असेल, असा प्रश्न पडला. प्रशिक्षक तिला प्रत्येक वेळी सांगत, डावा खांदा लवकर उघडतो आहे, उजवा गुडघा वर येत नाही. आमचा शेरा म्हणत होता, तू चुकलीस.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो आणि, आता लपवून उपयोग नाही, स्वतःच बूट चढविले. वय वर्षे ३६. पहाटे साडेपाचची वेळ निवडली, म्हणजे ओळखीचे कोणी नसावे. तेथे सातआठ वर्षांची बारा मुले होती आणि त्यांतील तिघांची भावंडे आमच्या शाळेत होती. प्रशिक्षक म्हणाले, "सर, पहले गिरना सीखिए. चलना तो अपने-आप आ जाएगा." गुडघे वाकवावे, एका कुशीकडे झुकावे, मांडीवर बसावे, हात मागे टेकू नये. आम्ही हात मागे टेकला. मनगट आठवडाभर सुजून राहिले आणि फळ्यावर इतिहासाच्या सनावळ्या आम्ही डाव्या हाताने लिहिल्या. वर्गाने अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. बातमी पोचली होती.

तरी आम्ही जात राहिलो. सराव संपला की सर्वांबरोबर पोहे-जिलबी, हा इंदूरचा धर्म तेथेही पाळला जातो. आम्ही टिकलो त्यात त्या जिलबीचा वाटा नाही असे म्हणवत नाही. दोन महिन्यांत आम्ही सरळ जाऊ लागलो, तिसऱ्यात थांबू लागलो. तिसऱ्याच्या आधी कसे थांबत होतो हे मर्लिन साहेबांच्या आरशास विचारावे. आमची विद्यार्थिनी या काळात आमची शिक्षिका झाली. "सर, पायाकडे पाहू नका. मान वर करा." हे वाक्य आम्ही तिच्याकडून किती वेळा ऐकले, ते मात्र आम्ही मोजलेले नाही.

तिची मैत्रीण लुट्झ शिकत होती. तिला एक खोड होती. लुट्झ उडताना पाय बाहेरच्या कडेवर हवा. ही मुलगी बाहेरच्या कडेवर येई, आणि उडण्याच्या नेमक्या क्षणी पाय नकळत आत कलंडे. तसे झाले की ती लुट्झ राहत नाही, फ्लिप होते, आणि गुण कापले जातात. "मी बाहेरच होते," असे ती शपथेवर सांगे. खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच कळत नसे. हे पाहून आम्हांस नोकरीचे पहिले वर्ष आठवले. आमची मातृभाषा कोंकणी. कोंकणीत लहान मुलीविषयी बोलताना नपुंसकलिंग वापरतात: तें आयलें, तें गेलें. बी. ए. ला मराठी घेऊन, व्याकरणात उत्तम गुण मिळवून आम्ही वर्गावर उभे राहिलो, आणि एका चुणचुणीत मुलीकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणालो, "ते फार हुशार आहे!" वर्ग खदखदून हसला. का हसला हे आम्हांस तास संपेपर्यंत कळले नाही. शांतपणे बोलताना आमचे लिंग कधी चुकत नसे. आनंदाने किंवा रागाने उसळलो की मात्र पाय आतल्या कडेवर जाई. एका वयस्क सहकाऱ्यांनी तेव्हा हसू न येऊ देता एवढेच सांगितले, "उसळण्यापूर्वी एक श्वास घ्या." त्यांनी आमच्या पुस्तकात "मराठी सुधारावे" असा शेरा लिहिला असता, तर आम्ही आज कोणता धंदा करीत असतो कोण जाणे.

ही शिकण्याची रीत आपल्याकडे नवी आहे असे मात्र नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबास नवे जीवन दिले, आणि २०१३ साली मध्यप्रदेशाने तो आपला राज्यक्रीडा म्हणून स्वीकारला. खांबावर चढणाऱ्या पोरासही आधी साधी अढी घट्ट बसवावी लागते. ती बसल्यावाचून पुढचे काही शोभत नाही. पण मल्लखांब आम्ही लांबूनच पाहिला आहे, त्याविषयी अधिकाराने बोलत नाही.

डिसेंबरात आमच्या विद्यार्थिनीची पायरीची परीक्षा झाली. दीड गिरकी पुरी झाली नाही. आम्ही बाकावर बसलो होतो. तिच्या आईने आमच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात तोच जुना प्रश्न होता. आता आम्ही पाहिले होते. सांगणे भाग होते. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. शाळेतील ६१ गुण खरे होते. नववी पुढे उभी होती. हा खेळ तिला पोट भरून देईल, असे म्हणण्यास आमच्यापाशी काहीही आधार नव्हता. आम्ही म्हणालो, "बंद करू नका. पण बीजगणित आठवड्यातून तीन दिवस माझ्या घरी येऊन करू दे. ते शिकविणारे माझे शेजारी आहेत; मी त्यांना सांगतो." बाईंनी मान हलविली. शेरा मात्र शाईचा. तो आम्हांस खोडता आला नाही. त्याखाली आम्ही दुसरे वाक्य लिहिले, "अपूर्णांक आणि समीकरणे येथे अडते. पुन्हा प्रयत्न करावा." मुख्याध्यापकांनी विचारले, एकाच विद्यार्थिनीस दोन शेरे कसे? आम्ही म्हणालो, पहिला आमचा चुकला होता.

वार्षिक परीक्षेत तिला ६८ गुण मिळाले. ७८ नव्हेत. वाचकांस अधिक सुखद आकडा हवा असेल तर तो आमच्यापाशी नाही.

एकेरी ॲक्सेलपासून दुहेरीपर्यंत जगास किती काळ लागला, हे आम्ही तिला एकदा सांगितले होते. पॉल्सन १८८२ साली, आणि दुहेरी मारणारे अमेरिकेचे डिक बटन १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये. मध्ये ६६ वर्षे. तिहेरी कॅनडाच्या व्हर्न टेलर यांची, १९७८ साली. चौहेरी अमेरिकेच्याच इलिया मलिनिन यांची, सप्टेंबर २०२२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. अवघ्या तीन गिरक्या वाढवावयास १४० वर्षे. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे सर, माझे चौदा महिने काहीच नाहीत." हिशेब बरोबर होता.

ही गोष्ट मार्चची. एप्रिलमधील एका पहाटे आम्ही आमच्या कोपऱ्यात पाठमोरे दहा पावले जाण्याचा सराव करीत होतो. मान वर होती, म्हणूनच दिसले. ती वळसा घेऊन आली, समोर तोंड करून उडाली, हवेत फिरली, आणि पाठमोरी एका पायावर उतरली. हात पसरलेले, दुसरा पाय मागे ताठ, चाकांचा आवाज लांबवर ओढला गेला. आम्ही उसळलो. श्वास घेण्यास विसरलो. सगळ्या मैदानावर ओरडलो, "तें पडूंक ना! पडूंक ना तें!" आणि या भरात स्वतः पडलो; पण कुशीवर, मांडीवर, हात मागे न टेकता.

मुले हसली. प्रशिक्षकांनी बोटांनी थोडेसे अंतर दाखविले. ते काही बोलण्यापूर्वी तीच आमच्यापाशी येऊन थांबली, धापा टाकीत.

"नाही सर," ती म्हणाली, "पाव गिरकी कमी होती. चाक आधी टेकले."

आम्हांस हात देऊन तिने उठविले, आणि ती पुन्हा पांढऱ्या वर्तुळाकडे वळली.